वर्षभर फिरायचं आणि त्याचं चॅनल चालवायचं: हे नेमकं जमतं कसं?

शिक्षणाचा एक टप्पा संपला की लगेच पुढच्या कॉलेजात किंवा नोकरीत न शिरता एक वर्ष मोकळं ठेवायचं, पाठीवर बॅग टाकायची आणि जिथे जाऊ तिथले व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायचे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभरातल्या असंख्य तरुण मुलामुलींनी हा मार्ग धरला आहे. त्यांचे व्हिडिओ बघणाऱ्या आईवडिलांना एकच प्रश्न पडतो: यांना पैसे देतं कोण? त्याच घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मनात मात्र दुसरंच चाललेलं असतं: यांना जमतं, तर मला का जमू नये?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची सरळ उत्तरं देता येतात. माझं मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना ते गृहीत धरता येईल. वर्षभर फिरणं हा एक निर्णय आहे आणि फिरण्याचं चॅनल चालवणं हा दुसरा. पहिला बहुतेकांना झेपण्यासारखा आहे. दुसरा हा पूर्णवेळ धंदा आहे. ‘चॅनलच्या कमाईवर फिरू’ असं म्हणून दोन्ही एकत्र बांधले की घोटाळा सुरू होतो.

## हे सुरू कुठून झालं

मधल्या मोकळ्या वर्षाला गॅप इयर म्हणतात. ही रीत यूट्यूबपेक्षा बरीच जुनी. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये शाळा संपवून विद्यापीठात जाण्याआधी मुलांना परदेशी पाठवणाऱ्या संस्था निघाल्या. १९६७ साली सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट ट्रस्ट’ने आपले पहिले स्वयंसेवक इथिओपियाला पाठवले होते. १९७५ पासून ऑस्ट्रेलियाने परदेशी तरुणांना फिरता फिरता काम करण्याची मुभा देणारा खास व्हिसा सुरू केला. अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ तर कित्येक वर्षांपासून प्रवेश मिळालेल्या मुलांना एक वर्ष थांबून येण्याचा विचार करा असं सुचवत आलं आहे. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या थोरल्या मुलीने हार्वर्डला जाण्याआधी असं वर्ष घेतलं, तेव्हा हा शब्द जगभरच्या बातम्यांत आला.

दुसरा धागा व्हिडिओचा. स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग कॅमेऱ्याशी बोलत दाखवायचे, याला व्लॉग म्हणतात. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर चढलेला पहिलावहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा आहे. त्यात यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून त्यांच्या सोंडेबद्दल बोलतात. एखाद्या ठिकाणी जायचं आणि ‘इथे काय आहे’ ते बघणाऱ्याला सांगायचं. आजच्या प्रवासी व्लॉगचा सांगाडा त्या १९ सेकंदांत आधीच आहे. २००७ साली यूट्यूबने जाहिरातीचा वाटा व्हिडिओ करणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. पुढे फोनचे कॅमेरे सुधारले, स्वस्त विमान कंपन्या वाढल्या, आणि २०१९ च्या अखेरीस २४९ ग्रॅम वजनाचा, हातात मावेल असा ड्रोन बाजारात आला. ज्या हवाई दृश्यांसाठी पूर्वी हेलिकॉप्टर लागायचं, ती एका मुलाच्या बॅगेत आली.

## पैसे येतात कुठून

सगळ्यात मोठा गैरसमज असा की व्हिडिओ टाकला की व्ह्यूजप्रमाणे पैसे सुरू होतात. तसं नाही. जाहिरातीतून वाटा मिळण्यासाठी चॅनलला आधी पात्र ठरावं लागतं. २०१८ पासूनची अट अशी: किमान १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी चॅनलवर घालवलेले ४,००० तास. किंवा, २०२३ पासून, छोट्या उभ्या व्हिडिओंच्या म्हणजे शॉर्ट्सच्या बाबतीत, तासांऐवजी ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. त्याच वर्षी एक खालची पायरीही आली, ५०० सबस्क्रायबरची. पण त्या पायरीवर जाहिरातीचे पैसे मिळत नाहीत, प्रेक्षकांकडून थेट मिळणारी रक्कम मात्र घेता येते.

४,००० तास ऐकायला फार वाटत नाही, म्हणून गणित करून बघू. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एक माणूस तुमचा व्हिडिओ सरासरी पाच मिनिटं बघत असेल, तर ४८,००० वेळा कोणी ना कोणी तुमचे व्हिडिओ उघडायला हवेत. तेही बहुतेक अनोळखी माणसांनी, कारण नातेवाईक आणि मित्र मिळून शंभर-दोनशे व्ह्यूजच्या पलीकडे जात नाहीत. शॉर्ट्सची अट तर दिवसाला सरासरी १ लाख ११ हजार व्ह्यूजची पडते, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ त्या ४,००० तासांत धरला जात नाही.

पात्र ठरल्यावर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या रकमेपैकी ५५ टक्के चॅनलला मिळतात, बाकीचे यूट्यूब ठेवतं. शॉर्ट्सला ४५ टक्के, आणि तेही वेगळ्या पद्धतीने वाटून. दर हजार व्ह्यूजमागे हातात किती उरले, या आकड्याला आरपीएम म्हणतात. हा आकडा सगळ्यांना सारखा नसतो, आणि इथेच तरुण प्रवाशांचा हिशेब चुकतो. तो ठरतो मुख्यतः बघणारा कोणत्या देशात बसला आहे यावर. तुम्ही स्वित्झर्लंडच्या डोंगरात उभे असाल, पण तुमचे प्रेक्षक जाहिरातीचे दर कमी असलेल्या देशात असतील, तर डोंगराचा काही उपयोग नाही. विषयाचाही फरक पडतो: गुंतवणूक, कर्ज, विमा अशा विषयांवर जाहिरातदार जास्त मोजतात, भटकंतीवर कमी. महिन्याचाही पडतो: वर्षाअखेरीच्या खरेदीच्या दिवसांत दर चढतात आणि जानेवारीत एकदम खाली येतात. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेत येतच नाही. वय १८ पेक्षा कमी असेल तर खातं पालकाच्या नावाशी जोडावं लागतं. शिवाय २०२१ च्या जूनपासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर अमेरिकेचा कर कापला जाऊ शकतो. त्याचा फॉर्म न भरणाऱ्यांची कपात तर जगभरातल्या कमाईवर लागू शकते.

एक छोटी गोष्ट इथेच सांगतो, कारण ती कळली की बऱ्याच व्हिडिओंचा आकार उलगडतो. आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओच्या मध्ये जाहिराती टाकता येतात. पाच मिनिटांत संपणारी गोष्ट साडेआठ-नऊ मिनिटांपर्यंत का ताणली जाते, ते यावरून समजेल.

आता जाहिरातीपलीकडचे पैसे. बऱ्याच चालत्या चॅनलची खरी भिस्त यांवरच असते. एक, ब्रँड डील: एखादी कंपनी ठरावीक रक्कम देते आणि व्हिडिओत एक-दीड मिनिट तिच्याबद्दल बोलायचं असतं. दोन, अ‍ॅफिलिएट लिंक: व्हिडिओखालच्या लिंकवरून कोणी बॅग, विमा किंवा हॉटेल घेतलं की थोडं कमिशन मिळतं. तीन, प्रेक्षकांची मासिक वर्गणी. चार, अदलाबदल: हॉटेलवाला फुकट राहू देतो, त्या बदल्यात त्याचा व्हिडिओ. सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला हा चौथा प्रकारच येतो, आणि ‘फुकट फिरायला मिळतं’ हा समज तिथूनच पसरतो. रात्रीचे पैसे वाचतात हे खरं. पण दोन दिवस शूटिंग आणि चार दिवस एडिटिंग करून ती रात्र मिळालेली असते, आणि परतीचं तिकीट अदलाबदलीत मिळत नाही.

## ‘पण मी बघतो त्या सगळ्यांचं तर छान चाललंय’

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. तो समजून घ्यायचा तर यूट्यूब काय दाखवतं आणि का, ते बघायला हवं.

पुस्तकांच्या मोठ्या दुकानाची कल्पना करा. मालक दारातल्या टेबलावर मोजकीच पुस्तकं मांडतो. कोणतं मुखपृष्ठ बघून लोक पुस्तक उचलतात, आणि उचलल्यावर किती पानं उभ्याउभ्या वाचतात, याची तो दिवसभर नोंद ठेवतो. उचलून लगेच खाली ठेवलेलं पुस्तक संध्याकाळी मागच्या फळीवर जातं. ज्यात लोक रंगून जातात ते टेबलाच्या मध्यावर येतं. यूट्यूबची शिफारस करणारी यंत्रणा असंच काम करते. मुखपृष्ठ म्हणजे थंबनेल, व्हिडिओवरचं ते छोटं चित्र. उभ्याउभ्या वाचलेली पानं म्हणजे वॉच टाइम. २०१२ साली यूट्यूबने नुसत्या क्लिकपेक्षा बघण्याच्या वेळेला महत्त्व द्यायचं ठरवलं, आणि तेव्हापासून खेळाचा नियमच बदलला.

आता दुकानात आलेल्या माणसाने टेबल बघून म्हटलं, ‘इथे प्रत्येक पुस्तक गाजलेलं दिसतंय, म्हणजे पुस्तक लिहिणं सोपं असणार’, तर आपण त्याला मागच्या फळ्या दाखवू. यूट्यूबच्या मागच्या फळ्या मात्र कोणालाच दिसत नाहीत. सहा महिने फिरून, चाळीस व्हिडिओ टाकून, सत्तर व्ह्यूजवर थांबलेलं चॅनल तुमच्यासमोर येणारच नाही, कारण न येणं हीच त्याची अडचण आहे.

जर्मनीतल्या ऑफेनबर्गचे प्राध्यापक माथियास बेर्टल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यूट्यूबच्या दहा वर्षांतल्या चॅनलांची आकडेवारी तपासली. व्ह्यूजचा फार मोठा हिस्सा वरच्या ३ टक्के चॅनलांकडे जातो असं त्यात दिसलं. त्यांच्याच हिशेबाने चॅनल काढणाऱ्यांपैकी ९६.५ टक्के लोकांची जाहिरातीची कमाई अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्याही वर जात नाही. हा आकडा सगळ्या विषयांच्या चॅनलांचा आहे. प्रवासाच्या चॅनलला वरून तिकिटं, व्हिसा आणि राहण्याचा खर्चही असतो, जो घरात बसून गणित शिकवणाऱ्या चॅनलला नसतो.

मग टिकतात ते कसे? जवळून बघितलं तर बहुतेकांकडे आधीचं काहीतरी असतं. दोन-तीन वर्षांची नोकरी करून साठवलेले पैसे, घरून मिळणारा आधार, फिरता फिरता करता येणारं दुसरं काम, किंवा चॅनल आधीपासून चालू असणं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण व्हिडिओत हे क्वचितच सांगितलं जातं, आणि ‘सगळं सोडून निघालो’ हे वाक्य ऐकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तो न सांगितलेला भाग माहीत असणं फार गरजेचं आहे.

## बारा मिनिटांचा व्हिडिओ बनतो कसा

एक दृश्य तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल. पहाटेची वेळ, लांबलचक मोकळा रस्ता, पाठीवर मोठी बॅग घेतलेली मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून दूर चालत जाते आणि लहान होत होत दिसेनाशी होते. बघताना वाटतं, किती एकटी, किती मोकळी.

प्रत्यक्षात काय घडलं? तिने छोटा ट्रायपॉड रस्त्याकडेला लावला, आडवी चौकट जुळवली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दीडशे पावलं चालत गेली. मग वळून परत आली, कारण कॅमेरा तिथेच होता. क्लिप बघितली तर क्षितिज तिरकं आलेलं. ट्रायपॉड सरळ करून पुन्हा दीडशे पावलं, पुन्हा परत. मध्ये एक ट्रक आला म्हणून तिसऱ्यांदा. मग सामान गोळा करून ती खरोखर निघाली, त्याच रस्त्याने, चौथ्यांदा, बारा किलोची बॅग पाठीवर घेऊन. व्हिडिओत हे दृश्य सहा सेकंदांचं आहे.

मुख्य बोलण्यावर पेरायच्या अशा तुकड्यांना बी-रोल म्हणतात: खिडकीतून सरकणारी झाडं, चहाच्या कपातली वाफ, तिकिटावरचा शिक्का. तो नसेल तर व्हिडिओ म्हणजे नुसता बोलणारा चेहरा उरतो आणि लोक निघून जातात. त्यामुळे दिवसभर हात कॅमेऱ्यावर आणि डोकं ‘हे कुठे वापरता येईल’ यावर. संध्याकाळी बाकीचे पाहुणे गप्पा मारत बसतात तेव्हा मेमरी कार्ड रिकामं करायचं, फुटेजच्या दोन प्रती करायच्या आणि त्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवायच्या, कारण एक बॅग चोरीला गेली तर महिनाभराचं काम जातं. मग एडिटिंग, आवाज स्वच्छ करणं, सबटायटल्स, थंबनेल. हॉस्टेलच्या वायफायवर मोठी फाइल चढायला कधी कधी सगळी रात्र लागते.

त्यात आवाजाचा एक गमतीदार वाटणारा पण महाग पडणारा प्रकार आहे. बाजारातून चालताना मागे कुठेतरी स्पीकरवर गाणं वाजत असतं. यूट्यूबची आवाज ओळखणारी यंत्रणा ते पकडते आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळू शकते. म्हणून अनुभवी व्लॉगर गाणं वाजत असेल तिथे बोलायचं थांबतात, गल्ली ओलांडतात आणि मग वाक्य पुन्हा म्हणतात.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग यात फिरणं कुठे राहिलं? तोच तर मुद्दा आहे. हे काम मनापासून आवडणारी मुलं असतात, आणि त्यांच्याबद्दल मला खरा आदर वाटतो: लेखन, कॅमेरा, संकलन, हिशेब, वाटाघाटी हे सगळं एकटीने शिकणं ही मोठी उमेदवारी आहे. पण ज्याला वर्षभर शांतपणे जग बघायचं आहे, त्याच्यावर हे ओझं होतं.

## मग दाखवतात ते खोटं असतं का?

सरसकट खोटं म्हणता येणार नाही. घडलेलं असतं, पण जुळवलेलं असतं. पहिल्या वीस सेकंदांत बघणारा राहतो की जातो हे ठरतं, म्हणून सगळ्यात ताणाचा क्षण उचलून आधी ठेवतात: ‘मला वाटलं आता पोलीस मला घेऊन जाणार.’ पुढे बाराव्या मिनिटाला कळतं की पोलिसांनी फक्त पासपोर्ट बघितला. दहा तासांचा कंटाळवाणा बसप्रवास दोन वाक्यांत संपतो. आजारपणाचे चार दिवस येतच नाहीत. शिवाय व्हिडिओ बहुधा दोन-चार आठवड्यांनी येतो. हा उशीर चांगला आहे: आपण आत्ता नेमके कुठे आहोत हे अनोळखी लोकांना कळू न देणं हा एकट्याने फिरणाऱ्यांचा सुरक्षेचा पहिला नियम आहे.

फसवणूक सुरू होते ती पैसे किंवा फुकटची सोय घेऊन ते लपवल्यावर. अमेरिका, ब्रिटन आणि इतर अनेक देशांत असा संबंध उघड करणं बंधनकारक आहे, आणि फुकट मिळालेली खोलीही त्यात मोडते. यूट्यूबवर त्यासाठी वेगळी खूण करायची सोय आहे. हॉटेलचं तोंडभरून कौतुक आणि कुठेच तसा उल्लेख नाही, असं दिसलं तर शंका घ्यायला हरकत नाही.

## व्हिसा, ड्रोन आणि लोकांचे चेहरे

‘मी तर फक्त व्हिडिओ काढतोय, हे काम थोडंच आहे?’ असं अनेकांना वाटतं. पर्यटक व्हिसावर काम करायला बहुतेक देशांत मनाई असते, आणि काम म्हणजे काय याची व्याख्या तो देश करतो, तुम्ही नाही. स्वतःच्या आठवणीसाठी केलेल्या चित्रणाला सहसा कोणी अडवत नाही. पण तिथल्या हॉटेलकडून मोबदला घेतला, किंवा झोपायच्या जागेच्या बदल्यात हॉस्टेलच्या काउंटरवर बसलं, तर गोष्ट बदलू शकते. एस्टोनियाने २०२० मध्ये आणि त्यानंतर इतर बऱ्याच देशांनी इंटरनेटवर कुठूनही काम करणाऱ्यांसाठी वेगळे व्हिसा काढले. मात्र त्यासाठी सहसा दरमहा ठरावीक कमाईचा पुरावा लागतो, आणि नव्या चॅनलवाल्याकडे नेमका तोच नसतो.

ड्रोनचं प्रकरण याहून कडक. मोरोक्कोत पर्यटकाने ड्रोन नुसता सोबत आणला तरी तो सीमेवर जप्त होतो. अमेरिकेत २५० ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन छंद म्हणून उडवायला नोंदणी लागत नाही, पण तोच ड्रोन छंदाबाहेरच्या कामासाठी उडवला तर नोंदणीही लागते आणि परवानाही. २०१९ मध्ये गाडीने लंडनच्या दिशेने निघालेलं आणि वाटेत व्हिडिओ टाकणारं एक ऑस्ट्रेलियन जोडपं तेहरानजवळ विनापरवाना ड्रोन उडवल्याच्या आरोपावरून पकडलं गेलं. ते काही महिने तुरुंगात होते. सुटका झाली ऑक्टोबरमध्ये, दोन सरकारांच्या बोलण्यांनंतर.

चेहऱ्यांचा कायदा फारसा कोणाला ठाऊक नसतो. १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चॅन्सलर बिस्मार्क वारले, त्या रात्री दोन छायाचित्रकारांनी चोरून आत शिरून त्यांच्या मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून उठलेल्या वादळातून १९०७ साली एक कायदा आला: माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही. काही अपवाद वगळता तो नियम जर्मनीत आजही आहे. इमारतींच्या बाबतीतही अशा खाचाखोचा आहेत. दिवसा आयफेल टॉवर कसाही दाखवा, पण रात्रीच्या रोषणाईवर स्वामित्वहक्क आहे आणि तिचा व्यावसायिक वापर करायचा तर परवानगी लागते.

कायदा काही म्हणो, माझ्या मते याहून साधी कसोटी पुरते. समोरच्या माणसाला हा व्हिडिओ दाखवला तर त्याला चालेल का? झोपलेला मजूर, नागडं खेळणारं पोर, रडणारी बाई यांना विचारलं गेलेलं नसतं, आणि व्हिडिओ मात्र वर्षानुवर्षं जगभर फिरत राहतो.

## एका व्हिडिओने एखाद्या जागेचं काय बिघडतं?

एकाने नाही बिघडत. पण तीच चौकट हजारो जणांना हवी असते. आइसलंडमधली एक हिरवीगार घळ २०१५ मध्ये एका गाजलेल्या पॉप गायकाच्या व्हिडिओत दिसली. त्यानंतर इतके पाय तिथे पडले की तिथलं शेवाळ आणि माती वाचवण्यासाठी २०१९ मध्ये ती काही महिने बंद ठेवावी लागली. तिथलं शेवाळ एकदा तुडवलं गेलं की भरून यायला वर्षं लागतात. जपानच्या फुजिकावागुचिको गावात एका दुकानाच्या छपरावर फुजी पर्वत बसल्यासारखा दिसतो. त्या एका फोटोसाठी लोक रस्त्यात उभे राहायला लागले, शेजारच्या दवाखान्याच्या आवारात शिरायला लागले. शेवटी मे २०२४ मध्ये गावाने तिथे अडीच मीटर उंच आणि २० मीटर लांब काळा जाळीदार पडदा लावला. स्वतःच्या डोंगराकडे पडदा लावायची वेळ त्या गावावर आली, याचं मला फार वाईट वाटतं. ऑगस्टमध्ये वादळ येणार म्हणून तो उतरवला गेला.

नाजूक जागेचं नेमकं ठिकाण व्हिडिओत न सांगणं, हा उपाय काही जुने व्लॉगर पाळतात. त्यावर तरुणांचा आक्षेप असतो: मग बघणाऱ्याला उपयोग काय? परिसर सांगा, कसं जायचं सांगा, तिथले नियम सांगा. त्या एका दगडाचा नकाशावरचा बिंदू तेवढा सांगू नका. बघणाऱ्याचं फारसं काही अडत नाही.

## जिवाशी खेळ

भारतातल्या डॉक्टरांनी केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास जगभरच्या बातम्यांतून सेल्फी काढतानाचे मृत्यू मोजतो. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात २५९. त्याच २०१८ च्या जुलैमध्ये कॅनडातल्या शॅनन धबधब्यावरून पडून एका लोकप्रिय प्रवासी चॅनलमधल्या तिघांचा जीव गेला. त्यांतल्या दोघांना आदल्या वर्षी अमेरिकेत सात दिवसांची कैद झाली होती. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम झऱ्याजवळ ठरलेली वाट सोडून नाजूक जमिनीवर गेल्याबद्दल. ही मुलं वाईट नव्हती. पण पुढचा व्हिडिओ मागच्यापेक्षा थरारक हवा, हा दबाव त्या धंद्यात रोजचा असतो, आणि तरुण वयात मृत्यू फार लांबचा वाटतो.

## एक वर्ष वाया जातं का?

या भीतीला मी फार महत्त्व देत नाही. प्रवेश आधी घेऊन तो वर्षभर पुढे ढकलण्याची सोय अनेक विद्यापीठांत आहे. प्रिन्स्टनने तर २००९ पासून निवडक मुलांना पहिल्या वर्षाआधी परदेशात सेवाकार्यासाठी पाठवण्याचा कार्यक्रमच चालवला आहे. वर्ष वाया जातं ते बेत नसल्याने. चॅनल नाही चाललं म्हणून नव्हे.

उलट, ज्याने वर्ष चांगलं घालवलं आणि व्हिडिओ मोजकेच केले, त्याच्याकडे दाखवायला काहीतरी उरतं. दहा नीट केलेले व्हिडिओ हे संकलनाच्या, जाहिरातीच्या, पत्रकारितेच्या नोकरीसाठी चांगला नमुना ठरतात, मग त्यांना दोनशे व्ह्यूज असोत की दोन लाख. नोकरी देणारा काम बघतो.

## घरात बोलायचं ते काय

‘जाऊ की नको’ यावर भांडण्यापेक्षा चार गोष्टी कागदावर मांडून बसावं. पहिली, पैसा: चॅनलमधून वर्षभर एक पैसाही आला नाही तरी बेत पुरा होईल एवढी रक्कम हातात आहे का? नसेल तर वर्षाऐवजी चार महिने जा. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, आणि त्याला हात लावायचा नाही.

दुसरी, चाचणी. निघण्याआधी आपल्याच परिसरात, लागोपाठ दोन महिने, दर आठवड्याला एक व्हिडिओ करून टाकून बघा. हे काम आवडतंय की फक्त त्याचं चित्र आवडतंय, ते एवढ्यात कळतं, आणि विमानाचं तिकीट न काढता कळतं. तिसरी, प्रवेश: पुढे ढकलल्याचं पत्र लेखी हवं, कोणाच्या तोंडी आश्वासनावर नको, आणि त्यात मधल्या वर्षात काय करायला मनाई आहे तेही वाचा. हार्वर्डसारख्या ठिकाणी, उदाहरणार्थ, त्या वर्षात दुसरीकडे पदवीच्या अभ्यासक्रमाला नाव घालता येत नाही.

चौथी गोष्ट विम्याची, आणि तीच सगळे सोडून देतात. प्रवास विम्याच्या कागदपत्रांत ‘वगळलेल्या बाबी’ असा भाग असतो. त्यात मोबदल्यासाठी केलेलं काम, ठरावीक उंचीवरचं गिर्यारोहण, परवान्याशिवाय चालवलेली दुचाकी अशा गोष्टी असू शकतात, आणि कॅमेरा-लॅपटॉपच्या भरपाईची मर्यादा त्यांच्या किमतीपेक्षा बरीच कमी असू शकते. हा भाग विकत घेण्याआधी वाचायचा, शंका असेल तिथे विमा कंपनीला ईमेल करून विचारायचं, आणि आलेलं उत्तर जपून ठेवायचं. त्याची एक प्रत घरी राहू द्यावी, कारण दवाखान्यात पडलेल्या मुलीच्या वतीने कंपनीला फोन करायची वेळ बहुधा घरच्यांवरच येते.